आठवा रोजा

दाभोळच्या धक्क्यावर आमची गाडी फेरीबोटीच्या रांगेत उभी होती. 9 मार्च 2025, रविवार. रमजानचा आठवा रोजा. मागच्या सीटवर अम्मी बसली होती आणि तिच्या मांडीवर सांदणांचा मोठा स्टीलचा डबा. डबा डिकीत ठेवू म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही. दापोलीपासून दाभोळपर्यंतच्या वळणावळणाच्या रस्त्यात तिनं मला चार वेळा विचारलं, "आज कितवा रोजा?" मी चारही वेळा सांगितलं, "आठवा, अम्मी." प्रत्येक वेळी तिनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखी समाधानानं मान हलवली.

माझा मुलगा तिकिटं घेऊन आला. अम्मीनं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि एकदम मला म्हणाली, "तुझे तरीचे पैसे अजून बाकी आहेत."

मला वाटलं, अलीकडे ती असंच काहीबाही बोलते, त्यातलंच हे. तसं नव्हतं. पण ते कळायला मला पलीकडचा किनारा गाठावा लागला.

माझ्या जन्मतारखेची गोष्ट आधी सांगायला हवी. कागदोपत्री माझा जन्म 1 जून 1980 चा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आहे, म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तसं आलं, तिथून बी.एड.च्या गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर आणि सेवापुस्तकात. अब्बा तेव्हा कुवेतला होते. चुलत्यांनी मला शाळेत नेलं. गुरुजींनी विचारलं, "जन्मतारीख?" चुलते म्हणाले, "पावसाळ्यातली आहे." गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला लागली, म्हणजे पोर सहा वर्षांची झाली. त्यांनी 1 जून लिहून टाकलं.

यात माझ्या एकटीचं नवल नाही. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर जुनी रजिस्टरं चाळली, तेव्हा एकेका पानावर ओळीनं 1 जून, 1 जून दिसले. हिंदू, मुसलमान, सगळ्या घरची मुलं त्या एकाच दिवशी जन्मलेली! म्हणूनच महाराष्ट्रात दरवर्षी 31 मे रोजी शिक्षकांच्या निवृत्तीची रांग लागते. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मीही त्या हिशेबानं 31 मे 2038 ला निवृत्त होईन. खरी तारीख लागली असती तर आणखी दोन महिने नोकरी झाली असती.

1 जूनचा आणखी एक गुण म्हणजे तो उन्हाळ्याच्या सुटीत येतो. त्यामुळे विद्यार्थिनी असताना वर्गात कधी कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्हा चौघा शिक्षकांना मिळून एकच शुभेच्छा येते, त्यावर फुलांची माळ असते. मी हात जोडल्याचं चित्र टाकते. मनाला काही लागत नाही, कारण तो दिवस माझा नाहीच.

अम्मीची तारीख वेगळी होती. ती म्हणायची, "तू आठव्या रोजाची. सोमवार होता. सेहरी संपली, बांग झाली आणि तू आलीस." तारीख विचारली की ती हसायची. "इंग्रजी तारखा तुझ्या अब्बांना ठाऊक. मला चांद ठाऊक."

लहानपणी मला याचा राग यायचा. शेजारच्या मैत्रिणीचा वाढदिवस दरवर्षी दिवाळीच्या आसपास यायचा आणि ओवाळून तिला नवा फ्रॉक मिळायचा. माझा दिवस मात्र पळायचा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. पावसाळ्यात जन्मलेली मी, पण माझा आठवा रोजा उन्हाळ्यात आला, मग थंडीत, मग पुन्हा पावसाकडे निघाला. हा फेरा पुरा व्हायला 33 हिजरी वर्षं लागतात. 2012 साली रमजान 21 जुलैला लागला, 2013 साली 11 जुलैला. त्या दोन वर्षांत माझा चांदाचा दिवस आणि सूर्याचा दिवस एकमेकांच्या जवळून गेले. मला ते तेव्हा कळलं नाही, कारण सूर्याचा दिवस कोणता हेच मला माहीत नव्हतं.

तो कळला अब्बांच्या इंतकालनंतर. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुने पासपोर्ट होते, पगाराच्या पावत्या होत्या आणि दोऱ्यानं बांधलेली पत्रं होती. त्यात नानांचं एक उर्दू पत्र सापडलं, कुवेतच्या पत्त्यावर पाठवलेलं. नानांचं अक्षर बारीक, शाई ओलीनं पसरलेली. पण वरची ओळ स्वच्छ वाचता येत होती. बरोज दोशंबा, 8 रमजानुल मुबारक 1400 हिजरी. खाली लिहिलं होतं, की पहाटे मुलगी झाली आणि जच्चा-बच्चा बखैर आहेत.

मी जमिनीवर बसूनच हिशेब केला. 1980 साली आपल्याकडे रमजान ईद बुधवारी, 13 ऑगस्टला झाली होती. पुरे तीस रोजे धरले तर पहिला रोजा 14 जुलै, सोमवार. मग आठवा रोजा 21 जुलै, तोही सोमवार. उर्दूत दोशंबा म्हणजे सोमवार. अम्मीच्या तोंडचा वार, नानांच्या पत्रातला वार आणि कॅलेंडरातला वार, तिन्ही एका जागी आले. शाळा, कॉलेज, सरकार यांच्या कागदांवर जे नव्हतं, ते माझ्या न शिकलेल्या आईनं बिनचूक सांभाळलं होतं.

गावातल्या जन्मनोंदीत मी शोधून पाहिलं. माझी नोंद नाही. त्या पावसात कुणी नोंदवायला गेलंच नसणार. आजकाल आपल्या घराघरांत कागदांची एक पिशवी असते आणि ती उघडताना छातीत धडधडतं. म्हणून बहिणींना एवढंच सांगते: बाळ झालं की 21 दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. आणि दाखला हातात आला की सगळ्यांच्या नावांचं एकेक अक्षर तिथंच तपासून घ्या.

सांदणांचं सांगायचं राहिलं. आमच्या घरी दर रमजानमध्ये एकदा सांदणं व्हायची. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर, वेलची. पीठ रात्रभर फुगवायचं आणि सकाळी वाट्यांत घालून वाफवायचं. असरच्या नमाजनंतर अम्मी मोठं ताट रुमालानं झाकून मशिदीत इफ्तारसाठी पाठवायची. ताट न्यायचं काम माझं. वाटेत एखादं सांदण मी उचलणार हे तिला ठाऊक असायचं, म्हणून दोन जास्तच ठेवलेली असायची. पण "तुझा रोजा असेल तर मगरिबपर्यंत थांब," असं बजावायची. रमजान थंडीत आला काय आणि उन्हाळ्यात आला काय, ताट चुकलं नाही. लग्न होऊन मी गेले तरी चुकलं नाही. मी समजायचे, ही रमजानचीच रीत. धाकट्या दोन भावांच्या जन्मदिवशी घरी असं काही शिजत नाही, हे दिसत असूनही माझ्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षांपासून अम्मीचं विसरणं सुरू झालं. आता ती माझ्याकडे असते. डॉक्टरांनी रोजे बंद करायला सांगितले, आम्ही तिचा फिदिया देतो, पण दुपारी गोळीसाठी पाणी पुढं केलं की ती रागावते, "रोजा आहे ना माझा!" नातवंडांची नावं अदलाबदल होतात. गॅस चालू राहतो. 2024 च्या रमजानमध्ये आठवा रोजा आला आणि गेला. सांदणं झाली नाहीत. मलाही कामाच्या धबडग्यात आठवलं नाही. दहाव्या की अकराव्या रोजाला ती रात्री उठून बसली आणि रडायला लागली, "ताट राहिलं, ताट राहिलं." कसलं ताट, ते तिला सांगता येईना.

म्हणून या वेळी मी आधीच ठरवलं होतं. शनिवारी रात्री पीठ भिजवलं. अम्मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होती. प्रमाण मी विसरले होते, तिनं सांगितलं नाही, पण रवा तिच्या पुढ्यात ठेवल्यावर हातांनी मुठी मोजून घातल्या. हात विसरले नव्हते. सकाळी सांदणं वाफवून झाल्यावर मी मोहल्ल्याच्या मशिदीचं नाव काढलं, तर म्हणाली, "इथं नाही. पलीकडे न्यायची. तरीनं."

पलीकडे म्हणजे खाडीपलीकडे, तिच्या माहेरी.

दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचं समुद्राला मिळण्याचं ठिकाण. अलीकडे दापोली तालुका, पलीकडे धोपावे आणि गुहागर तालुका. एकेकाळी हे मोठं बंदर होतं. बहमनी आणि मग आदिलशाही काळात इथून जहाजं अरबस्तानाकडे, इराणकडे जात. 1508 साली पोर्तुगीजांनी हे गाव जाळलं. धक्क्याजवळच आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. विजापूरची एक शहजादी हजला निघून इथवर आली, पुढं समुद्रावर धोका म्हणून तिला जाता आलं नाही आणि बरोबर आणलेल्या पैशातून तिनं ही मशीद बांधली, असं लोक सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी तिची दया यायची.

या बंदराची आणखी एक गोष्ट मी वर्गात सांगते. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, बहमनी राज्यात फिरला आणि परतीसाठी इथूनच जहाजात बसला. त्याच्याजवळची धर्माची पुस्तकं वाटेत लुटली गेली होती. त्यामुळे आपले सण कधी येतात हेच त्याला कळेना. मग तो आसपासच्या मुसलमानांच्या ईदवरून अंदाज बांधून आपला ईस्टर पाळू लागला. तारीख हरवलेला माणूस दुसऱ्याच्या चांदावरून आपला दिवस शोधतो. त्या दिवशी बोटीची वाट पाहताना मला तो फार जवळचा वाटला.

बोट आली. 2003 पासून इथं फेरीबोट आहे. गाड्या, मोटरसायकली, माणसं सगळं एकदम पलीकडे जातं. दहाएक मिनिटांचं पाणी. अम्मी खाली उतरून कठड्याला धरून उभी राहिली. एक मुलगी शेजारी उभी होती, तिला अम्मी म्हणाली, "आज माझ्या मुलीचा वाढदिवस आहे." वाढदिवस हा शब्द मी तिच्या तोंडून पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

आमच्या घरी तो शब्द तसा वादाचाच. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला केक आणायचा की नाही, यावर दोन दिवस चर्चा झाली होती. सासरे म्हणाले, ही आपली रीत नाही. नणंद म्हणाली, एवढ्यानं काय होतं. मी दोघांचं ऐकलं. पुढं एक हदीस वाचली. सोमवारच्या रोजाबद्दल विचारल्यावर रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलं, की त्या दिवशी माझा जन्म झाला आणि त्याच दिवशी माझ्यावर वही उतरली. केकबद्दल ज्यांचं जे मत असेल ते असो. पण जन्माच्या दिवसाचा शुक्र असाही करता येतो, हे मला तेव्हा कळलं. आपली आई तेच करत होती, हे मात्र कळलं नव्हतं.

धोपाव्याला उतरून खाडीच्या काठाकाठानं आत गेलं की अम्मीचं माहेर. मामू आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या पडवीत बसल्यावर मी सहज म्हटलं, "मामू, अम्मी म्हणते माझे तरीचे पैसे बाकी आहेत." मामू मोठ्यानं हसले आणि मग एकदम गप्प झाले. त्यांनी जे सांगितलं ते असं.

माझ्याआधी अम्मीला दोन मुलं झाली होती. एवढं मला कानावर पडलेलं ठाऊक होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. दोन्ही याच घरात झाली आणि दोन्ही आठवड्याच्या आत गेली. तिसऱ्या वेळी तिला चिपळूणला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. पण दिवस भरायच्या आधीच, जुलैच्या पावसात, मध्यरात्री कळा सुरू झाल्या. रस्ता पाण्याखाली. आठव्या रात्रीचा चांद मध्यरात्रीलाच मावळतो, त्यात ढग. हात दिसत नव्हता. गावची सुईण होती, पण नानी तिला बोलवायला तयार होईना. पलीकडच्या काठावर एक कुणबी काकी होत्या, त्यांच्या हाताला यश होतं. त्यांना आणायचं, तर पावसाळ्यात तर बंद.

नाना भोईवाड्यात गेले आणि तांडेलाला उठवलं. तो म्हणाला, "या पाण्यात रात्री होडी घालत नाहीत." मग त्यानं विचारलं, "तिसरी वेळ ना पोरीची?" आणि वल्ही खांद्यावर घेतली. नाना आणि तो कंदील घेऊन पलीकडे गेले, काकींना घेऊन आले. येताना होडी धारेबरोबर खूप खाली वाहून गेली आणि तिघं चिखलातून चालत घरी पोचली. तोवर सेहरीची वेळ संपत आली होती.

मी जन्मले तेव्हा रडले नाही. नानी बाहेर येऊन भिंतीला टेकली. आत काकी मला गरम फडक्यानं चोळत राहिल्या, पाठीवर थापट्या मारत राहिल्या. फजरची बांग संपली आणि मी रडले. नाना ओल्या कपड्यांनीच आत आले, माझ्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हटली.

सकाळी नानांनी तांडेलाला पैसे देऊ केले. तो म्हणाला, "ठेवा. पोरगी जगली तर तिच्याकडून घेईन तरीचे पैसे."

आणि अम्मीनं त्याच पहाटे नियत केली होती: ही जगली, तर दर आठव्या रोजाला रोजेदारांचं तोंड गोड करीन. सातव्या दिवशी अकिका करायचा असतो. पण आधीची दोन गेलेली, त्यामुळे तो दिवस उजाडेपर्यंत कुणी दुकानातून कापडसुद्धा आणलं नव्हतं. सातवा दिवस गेला. मग केस उतरवले, त्यांच्या वजनाइतकी चांदी सदका केली, एक बकरा झाला. मामू म्हणाले, "पहिली काही वर्षं तुझी अम्मी तुला नुसती मोजायची. रमजान आला की म्हणायची, एक झालं, दोन झाली."

हिजरीच्या हिशेबानं मी त्या दिवशी 46 वर्षांची झाले होते. इतक्या वर्षांची ताटं मी स्वतः मशिदीत नेली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं, की ही कशासाठी.

असरनंतर अम्मी उठली आणि न सांगता कब्रस्तानच्या बाजूला चालू लागली. मी मागोमाग गेले. ती आत गेली नाही. जांभ्या दगडाच्या गडग्याबाहेर उभी राहिली, तिथून एका काजूच्या झाडाकडे बघत. तिथं कबरीची काही खूण नाही. तिनं हात उचलून दुआ केली. मग म्हणाली, "मोठा शाबानमधला. धाकटी मोहर्रममधली." मला त्यांचे महिने तिनं पहिल्यांदाच सांगितले. नातवंडांची नावं विसरणाऱ्या बाईला ते दोन महिने ठाऊक होते. मीही हात उचलले. माझ्याआधी या जगात येऊन गेलेल्या भावाबहिणीसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा दुआ केली.

परत येताना आम्ही भोईवाड्यातून आलो. तांडेल जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. मी डब्यातली सांदणं काढून दिली आणि जरा संकोचत सांगितलं, की तुमच्या सासऱ्यांचे तरीचे पैसे माझ्याकडे बाकी आहेत. तिला ती गोष्ट माहीत होती! "म्हणजे ती पोरगी तुम्ही?" तिनं मला आपादमस्तक पाहिलं. पैसे तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "त्यांनी घेतले नाहीत, तर मी कशी घेऊ?" म्हणजे ते बाकीच राहिले. सांदणं तेवढी तिनं घेतली आणि आमच्या बरोबर ओंजळभर सुकी आमसुलं दिली.

मामू आणि माझा मुलगा उरलेली सांदणं घेऊन मशिदीत गेले. आम्ही बायका पडवीत दस्तरखान टाकून बसलो. खजूर, पाणी, भजी आणि मधोमध आमची एक ताटली. खाडीवरून वारा येत होता. पावणेसातच्या सुमारास मगरिबची बांग झाली. मी अम्मीच्या हातात खजूर ठेवली. तिनं ती तोंडाशी नेली आणि मध्येच थांबून मला विचारलं,

"आज कितवा रोजा?"

"आठवा, अम्मी."

"मग ताट?"

"दिलं. तरीनं आणून दिलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिनं खजूर तोंडात घातली.